बिनलवंगेचं घर

वडील वारले तेव्हा मी कुवेतमध्ये, जाब्रियाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. फोन ऑफिसात आला. मला बोलावलं. मी ऐकलं, फोन ठेवला आणि परत येऊन हातातल्या स्लाइडवर नंबर घातला. मग सुपरवायझरला सांगितलं.

पुण्याला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. बाबांच्या टेबलावर ते लिहीत असलेल्या पुस्तकाची पानं होती, आणि त्यांवर वजन म्हणून कुवेतच्या किनाऱ्यावर त्यांनीच उचललेला एक शिंपला. एका प्रकरणाचा मजकूर पानाच्या मध्येच थांबला होता. तो तिथे का थांबला हे मला पाहताक्षणी कळलं, आणि रडू येण्याआधी लाज वाटली. ती लाज कसली हे सांगायचं तर लवंगांपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या घरात लवंग नव्हती. गोड्या मसाल्यात नाही, मसालेभातात नाही. सणाच्या दिवशी आई विडे करायची, त्यांना लवंग टोचायची नाही. घडी खाली करून विडे ताटात दाटीने मांडायचे, म्हणजे उलगडत नाहीत. नवं कुणी जेवायला आलं की विचारायचं, आणि आईच्या चेहऱ्यावर आनंद दिसायचा. "यांना विचारा," ती म्हणायची. मग बाबा सांगायचे.

स्वातंत्र्याआधी, बाबा कॉलेजात असताना, झांझिबार नावाच्या बेटावरच्या इंग्रज सरकारने लवंगांच्या व्यापाराबद्दल काही कायदे केले. तिथले हिंदी व्यापारी त्यामुळे बुडाले असते. त्यांच्या पाठिंब्यासाठी इथल्या पुढाऱ्यांनी लवंगांवर बहिष्कार पुकारला. जगातली बहुतेक लवंग त्या बेटावर पिकायची आणि तिचं मोठं गिऱ्हाईक आपण. बाबा मुंबईच्या मसाल्याच्या बाजारात दुकानांपुढे उभे राहिले, पोलिसांची काठी खाल्ली. पुढे तडजोड झाली, बहिष्कार उठला. आमच्या घरातला उठला नाही. बाबांनी तो व्रतासारखा पाळला. दुसऱ्यांच्या घरात तसबिरी होत्या, आमच्याकडे हे होतं. शाळेत माझ्या डब्यातल्या भाताचा वास वेगळा आहे असं मैत्रिणी म्हणत, तेव्हा मीही मान ताठ करून ती गोष्ट सांगत असे.

लग्नानंतर, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, आम्ही कुवेतला आलो. नवरा रिफायनरीत इंजिनिअर, मी लॅब टेक्निशियन. फरवानियात घर घेतलं. मसाला मी तिथेही तसाच करत असे.

हॉस्पिटलात प्रसूतीच्या वॉर्डात एक वयस्कर नर्स होती. तिला सगळे बीबी म्हणत. तिच्या भाषेत तो मोठ्या बाईला मान देण्याचा शब्द आहे. ती मला "बिंती" म्हणे, म्हणजे मुली. हिंदी छान बोलायची. शेजारच्या कच्छी कुटुंबाकडून शिकलेली, बाकीची सिनेमातून. तिचा पासपोर्ट टांझानियाचा होता, पण कुणी तिला टांझानियाची म्हटलं की ती हातातलं काम थांबवायची.

"मी झांझिबारची."

"तेच ना ते?"

"नाही."

एकदा आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला मी तिला घेऊन गेले. एक बाई कौतुकाने म्हणाली, "तुमच्याकडे म्हणे सिंह, जिराफ रस्त्यावरून फिरतात!" बीबी म्हणाली, "आमच्याकडे एकही सिंह नाही. तो पलीकडे, दुसऱ्या देशात." बायका हसल्या. मीही हसले. ती हसली नव्हती हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

झांझिबार हे नाव ऐकून मी तिला पहिल्याच आठवड्यात लवंगांची गोष्ट सांगितली असती. पण तिची ओळख झाली तेव्हा मी त्या बेटाची तिच्याशी गाठच घातली नाही. माझ्या मनातलं झांझिबार हे बाबांच्या गोष्टीतलं होतं. तिथे माणसं राहत असतील, त्यांतलं कुणी माझ्या शेजारी कँटीनमध्ये बसून उकडलेलं अंडं सोलत असेल, असं मनात आलंच नाही.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले. आयुष्यभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला होता. आता ते मुलांसाठी एक पुस्तक लिहीत होते, हिंदी महासागराच्या काठच्या देशांविषयी. एका देशाला एक प्रकरण. ते पुस्तक म्हणजे त्यांचं उरलेलं आयुष्य होतं, दुसरं त्यांना काही करायचं नव्हतं. बीबीने हे ऐकलं आणि पुढच्या शुक्रवारी ती बसने फरवानियाला आली. हातात घरी केलेली नारळाची भाकरी.

"मास्टरजी, आमचं प्रकरण आहे का?"

"टांझानियात येतंय की," बाबा म्हणाले. "दोन परिच्छेद आहेत."

"टांझानियात नको. वेगळं हवं."

बाबांना असा वाद आवडायचा. वर्गात पुढच्या बाकावरून प्रश्न आला की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला. "सिस्टरबाई, बेट म्हणजे राष्ट्र नव्हे. आमच्याकडे समुद्रात जंजिरा आहे. त्याला वेगळा नवाब होता, वेगळं नाणं होतं. म्हणून काय तो देश?"

"जंजिऱ्यातल्या लोकांना विचारलंत?"

बाबा हसले. "नाही विचारलं."

"मग मला विचारा."

त्यानंतर ती दर शुक्रवारी यायची. बाबा प्रश्न विचारायचे, ती सांगायची, मी चहा करत ऐकायचे. जेवायला ती थांबत नसे, त्यामुळे आमच्या घरातल्या लवंगांचा विषय कधी निघाला नाही. तिच्या बेटाचा स्वतःचा सुलतान होता, लाल झेंडा होता, पोस्टाची तिकिटं होती. पोवळ्याच्या दगडाची घरं, पितळी खिळ्यांचे दरवाजे. स्वातंत्र्य मिळालं आणि महिन्याभरात क्रांती झाली. त्यात काय झालं हे ती सांगत नसे. "मी होडीत होते," एवढंच. मग काही महिन्यांत कुणीतरी कागदावर सह्या केल्या आणि बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं. "आम्हाला विचारलं नाही," ती म्हणायची. "झोपलो तेव्हा एक देश होता, उठलो तेव्हा दुसरा."

"पण तुम्ही कोण? अरब की आफ्रिकन?" बाबांनी विचारलं.

"इथले लोक मला आफ्रिकन म्हणतात. मुख्य भूमीवरचे मला अरब म्हणतात. तुमची मंडळी जिराफवाली म्हणतात." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आम्ही बेटावरचे."

नवरा अधूनमधून चिडवायचा. "बाबा, झांझिबारला चाळीस पानं आणि मादागास्करला दोन असं करू नका. पोरं नापास होतील."

"मादागास्करवाल्यांनी यावं ना मग शुक्रवारी," बीबी म्हणायची.

एकदा आम्ही तिघं शहरात समुद्रावर गेलो होतो. तिथे एक जुनं मातीचं घर पाडत होते. छताचे वासे रस्त्यावर टाकलेले, काळपट, मनगटाएवढे जाड. बीबी त्यांच्यापाशी वाकली. "हे आमच्या किनाऱ्यावरचे. या कुवेतवाल्यांच्या जहाजांनी नेलेले." बाबांनी एका वाशावर हात फिरवला आणि म्हणाले, "कांदळ. कोकणातही होतं." तिथेच एक शिंपला उचलून त्यांनी खिशात टाकला. परतताना बसमध्ये त्यांनी मला सांगितलं, "वेगळं प्रकरण करतो." आपण शब्द दिलाय अशा स्वरात सांगितलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी बीबीलाही सांगितलं. तिने दोन्ही हात चेहऱ्यावर धरले आणि कितीतरी वेळ काढले नाहीत.

जानेवारीत बाबांची दाढ दुखायला लागली. गाल सुजला. शुक्रवारी बीबी आली तेव्हा ते गालावर मफलर धरून बसले होते. तिने नर्सच्या सवयीने तोंड उघडायला लावलं, पाहिलं, मग पर्समधून कागदाची छोटी पुडी काढली. ती पुडी तिच्यापाशी कायम असायची. तिने तळहातावर दोन लवंगा घेतल्या.

"दाढेखाली धरा. डॉक्टर मिळेपर्यंत बरं वाटेल."

बाबांनी मान मागे घेतली. "सिस्टरबाई, एवढं सोडून काहीही सांगा."

"उष्ण पडते?"

"नाही. व्रत आहे."

"देवाचं?"

"देशाचं," बाबा म्हणाले.

आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. सुजलेल्या तोंडाने, पण पाठ सरळ करून. ती त्यांची सगळ्यांत चांगली गोष्ट होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं वर्षानुवर्षांचं ठरलेलं. मी ओट्यापाशी उभी होते. मध्येच म्हणाले, "बाबा, ते काठीचं सांगा ना." ते वाक्य मला अजून ऐकू येतं. कुवेतमध्ये इतकी वर्षं राहून, लॅबमध्ये माणसांचं रक्त तपासून, ज्या बाईसमोर ती गोष्ट चालली होती तिच्याकडे मी एकदाही पाहिलं नाही.

गोष्ट संपली. तिने तळहातावरच्या लवंगा परत पुडीत घातल्या.

"मी सात-आठ वर्षांची असेन," ती म्हणाली. "आम्ही पेंबाला राहायचो, ते आमचं धाकटं बेट. लवंग तिथे जास्त. तोडून झाली की चटयांवर वाळत घालायची, सगळ्या गावाला तो वास. अब्बा गोणी घेऊन शहरात गेले. आणि तीच गोणी घेऊन परत आले. कुणी घेतलीच नाही. शेजाऱ्यांचीही परत आली. पुढल्या खेपेचीही. ठेवायला जागा नव्हती म्हणून झोपायच्या खोलीत रचली. आम्ही गोण्यांवर झोपायचो. अजून मला घामाला तो वास येतो असं वाटतं."

बाबांनी गालावरचा मफलर खाली घेतला.

"आमची झाडं गहाण होती. ती गेली. अब्बा मग दुसऱ्यांची झाडं तोडायला जायला लागले, झाड तेच, मालक दुसरा. पण एक सांगते, मास्टरजी. त्याआधी अब्बा म्हणायचे, आपण शिराजी कुळातले. पलीकडचे म्हणायचे, आम्ही अरब. मागच्या वाडीतले अजून काही. त्या वर्षी सगळ्यांच्या गोण्या परत आल्या. तेव्हा पहिल्यांदा मी मोठ्या माणसांना एकत्र बसून म्हणताना ऐकलं, आपण बेटावरचे. तुम्ही मला विचारत होतात ना, कधीपासून? तेव्हापासून."

"आमचा लढा इंग्रजांशी होता," बाबा म्हणाले. आवाज हलका होता.

"इंग्रज लवंग पिकवत नव्हते."

नवरा चहाचे कप घेऊन आला आणि वातावरण सांभाळायला म्हणाला, "जाऊ द्या हो बीबी, जुन्या गोष्टी."

"जुन्या?" ती हसली. खरंच हसली. "दाढ तर आज दुखतेय."

तिने चहा घेतला. उठताना पुडी टेबलावर ठेवली आणि दारात चपला घालता घालता म्हणाली, "हे वर्षही येईल ना प्रकरणात?"

"येईल," बाबा म्हणाले. "क्रमाने येईल."

पुडी रात्रीपर्यंत तिथेच होती. बाबांनी ती हलवली नाही, मीही नाही. जेवणाच्या वेळी मी ती फ्रीजवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरने दाढ भरली. त्या औषधात लवंगेचंच तेल असतं, हे मला ठाऊक होतं. परत येताना बाबा म्हणाले, "वासावरून कळलं. तोंड उघडं होतं, काय बोलणार?" आयुष्यभर पाळलेलं काहीतरी मोडलं याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. ते मोडल्याचं दुःख करायचा आपल्याला हक्क आहे का, हे त्यांना कळत नव्हतं. मला निदान तसं वाटलं. आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही.

बीबी पुढच्या शुक्रवारी आली, त्याच्या पुढच्याही. बाबा तिला सगळं विचारत. बंदर कसं होतं, शाळेत काय शिकवत, भरती-ओहोटीला काय म्हणतात. त्या एका वर्षाबद्दल विचारत नसत. त्या दिवसांत त्यांना एक नवी सवय लागली. मी पानं लिहून झाली का विचारलं की ते चष्मा पुसायला घेत. मार्चमध्ये ते परत गेले. पत्रांत बाकीच्या देशांची प्रगती कळवत, मस्कत झालं, मादागास्कर झालं. बीबी मला कँटीनमध्ये विचारायची, "आमचं वर्ष?" मी म्हणायचे, "लिहितायत." हे खोटं नव्हतं. टेबलावरच्या पानांवरून दिसलंच, ते लिहीत होते.

प्रकरणाचं नाव फक्त "झांझिबार" असं होतं. दोन परिच्छेदांचं त्यांनी खरोखरच स्वतंत्र प्रकरण केलं होतं. सुलतान होते, दरवाजे होते, कांदळाचे वासेही होते. मग इंग्रज आले होते. मग हे वाक्य होतं : "पुढे आपल्या देशातील चळवळीशी या बेटाचा एकदा संबंध आला, तो असा :" त्याखाली कागद कोरा होता. खोडाखोड नव्हती. पण मागच्या बाजूला पेनाच्या दाबाचे वळ होते, म्हणजे वर दुसरे कागद ठेवून त्यांनी पुष्कळदा लिहिलं असावं आणि फाडलं असावं. साठीनंतर या माणसाने, ज्याला मी कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं, तिथे बसून काय काय लिहून पाहिलं असेल याची मी कल्पना करत राहिले. एकट्या बाबांची मला लाज वाटली नाही. आम्हा सगळ्यांचीच वाटली. आईचा तो आनंदी चेहरा, डब्यातला भात, ताटात दाटीने मांडलेले विडे.

प्रकाशकांनी विचारलं, हे अपुरं प्रकरण काढून टाकू का, शाळा सुरू व्हायच्या आत पुस्तक यायला हवं. मी म्हटलं, आहे तसं छापा. त्यांनी छापलं. खाली बारीक अक्षरात घातलं, लेखकाचे लेखन येथे थांबले.

प्रत घेऊन मी कुवेतला गेले आणि बीबीकडे गेले. जाब्रियात नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये तिची एक खोली होती. तिला देवनागरी येत नव्हती. "वाच," ती म्हणाली. मी हिंदी करत करत वाचलं. तिने दोन चुका काढल्या, दोन्ही खऱ्या होत्या. वेगळं प्रकरण आहे म्हटल्यावर तिने सुरुवातीच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "हेच नाव?" आणि अक्षरांवरून बोट सावकाश फिरवलं. मग कोरी जागा आली.

"इथे?"

"इथे तुमचं वर्ष यायचं होतं."

तिने त्या जागेवरूनही बोट फिरवलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "मास्टरजी चांगले होते," ती म्हणाली. "लपवलं नाही. लिहिता आलं नाही." मग तिने ड्रॉवरमधून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "मी सांगते. तू लिही. तुझ्या प्रतीत तरी असू दे."

ती सांगत गेली, चटया, गोण्या, झोपायची खोली. मी मराठीत लिहीत गेले. संपल्यावर ती म्हणाली, "आता वाचून दाखव." मी वाचलं. एका वाक्यावर तिने हात वर केला.

"पुन्हा वाच."

"या काळात लवंगांचा व्यापार मंदावला व उत्पादकांना अडचणींना तोंड द्यावे लागले."

"मंदावला?" ती म्हणाली. "मी असं सांगितलं?"

तिने तसं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, तुमच्या लोकांनी घेणं बंद केलं आणि आमच्याकडे खायला नव्हतं. माझा हात आपोआप बाबांच्या पुस्तकाच्या भाषेत गेला होता. मी ते जाणूनबुजून केलं नव्हतं, आणि त्यामुळेच मला तिथे तिच्यासमोर मान वर करता येईना. आमच्या घरात इतिहास असाच बोलला जायचा. आपली माणसं काठी खायची, दुसऱ्यांचा व्यापार मंदावायचा.

"खोड ते," ती म्हणाली. रागाने नाही, वॉर्डात चुकीची पट्टी बांधलेली दिसल्यावर म्हणावं तसं.

मी खोडलं. तिने सांगितलं होतं तसं लिहिलं. वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि चहा ठेवायला उठली.

काही वर्षांनी ती नोकरी सोडून मस्कतला भावाकडे गेली. जाताना म्हणाली होती, तिथेही आमचे लोक पुष्कळ आहेत. तिथेही ते स्वतःला बेटावरचेच म्हणतात.

छापलेल्या पुस्तकात ती जागा कोरीच आहे. पुढची आवृत्ती निघाली नाही. माझ्या प्रतीत तिथे पेन्सिलीने लिहिलेला अर्ध्या पानाचा मजकूर आहे, त्यातलं एक वाक्य खोडलेलं. माझ्या गोड्या मसाल्यात अजूनही लवंग नसते, घालायला हात होत नाही. का नसते असं कुणी विचारलं, तर मी सांगत नाही.